वडील मागच्या गाडीने येतायत

बाबा, तुम्हाला न विचारता गेली तीन वर्षं मी तुम्हाला गावोगाव फिरवते आहे. हे तुम्हाला कधीतरी सांगायला हवं होतं, पण तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि इतक्या दिवसांत मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही, तर हेच आधी का सांगा, असं म्हणून राहून गेलं. शाळेच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी अजून चालू आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी मला एक नवं खूळ लागलं. सुट्टी लागली की पाठीवर सॅक टाकायची, एसटीत बसायचं, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं आणि मिळेल त्या हॉस्टेलात मुक्काम करायचा. हॉस्टेल म्हणजे मी नोकरीच्या सुरुवातीला राहिले तसलं बायकांचं वसतिगृह नव्हे. आता एका खोलीत सहा-आठ वर-खाली पलंग टाकतात. फिरायला आलेली पोरंपोरी तिथे एखाददुसरी रात्र झोपतात, मोबाइल चार्जिंगला लावतात आणि निघून जातात. सामानाला लोखंडी कप्पा मिळतो, कुलूप ज्याचं त्याने आणायचं. मी वसतिगृहात राहायला गेले तेव्हा तुम्ही दिलेलं पितळी कुलूप नेते. त्या पोरींना त्याचं फार कौतुक वाटतं. एकीने तर त्याचा फोटोसुद्धा काढला.

अडचण होती ती एकाच प्रश्नाची. एसटीत बसल्यावर दहा मिनिटांच्या आत कोणीतरी विचारतंच, "एकट्याच?" विचारणारा भला असो की बुरा, हो म्हटलं की त्याची बसण्याची तऱ्हा बदलते. नवरा येतोय म्हणून पाहिलं. त्यात फार भानगडी. नवरा काय करतो, त्याने असं कसं सोडलं, त्याचा नंबर द्या. मग एकदा नंदुरबारच्या गाडीत माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "वडील मागच्या गाडीने येतायत." आणि पुढे कोणी काही विचारलंच नाही. म्हातारा माणूस, राहिला असेल मागे, येईल सावकाश. जिचे वडील मागून येतायत अशा बाईच्या शेजारी माणसं जरा अंग चोरून बसतात, हे मी तेव्हा शिकले. तेव्हापासून तुम्ही माझ्या मागच्या गाडीत आहात. कोकणात होतात, खानदेशात होतात, वऱ्हाडातसुद्धा येऊन गेलात.

तुम्हीच का आठवलात, हे मला ठाऊक नाही असं मी म्हणणार नाही. बाजारातल्या आपल्या दुकानात तुम्ही स्टोव्ह दुरुस्त करायचात. पिन मारून झाली, पंप मारून झाला की काडी ओढण्याआधी समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचात, दोन पावलं मागे व्हा. मला तर दुकानाच्या पायरीखाली उतरवून उभं करायचात. स्वतः मात्र स्टोव्हवर वाकून बसायचात. एकदा भडका उडाला आणि उजवा हात मनगटापर्यंत भाजला, तो डाग शेवटपर्यंत राहिला. अशा माणसाची मुलगी बाविसाव्या वर्षी म्हणाली की मी नाशिकला मुलाखतीला एकटी जाणार. तुम्ही दुकान बंद करून सोबत यायला निघालात आणि मी तुम्हाला घरात बसवून निघाले. नाशिकच्या स्टँडवर मी उतरते आहे, माझ्या कॉलेजातल्या दोघी समोर उभ्या आहेत, आणि त्याच गाडीच्या शेवटच्या बाकावरून तुम्ही उतरता, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. त्या दोघींच्या देखत मी तुम्हाला म्हणाले, "माझ्या मागे मागे येत जाऊ नका. मला लाज वाटते." तुम्ही "बरं" म्हणालात, नळावर पाणी प्यायलात आणि परतीच्या गाडीत जाऊन बसलात. त्यानंतर तुम्ही कधीच माझ्या मागे आला नाहीत. वसतिगृहात सोडायला आलात तेव्हासुद्धा कोपऱ्यावरच थांबलात.

यंदा मे महिन्यात मी जव्हारला गेले. तिथे एका बुकबाइंडिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हॉस्टेल आहे. दुकानदाराची आई ते सांभाळते, तिला सगळे चाची म्हणतात. सत्तरीची बाई, तोंडाने फटकळ. तिने नाव लिहून घेताना विचारलं, एकट्याच का, आणि मी सवयीने सांगितलं, वडील मागून येतायत. ती लगेच उठून खालच्या पलंगावरची चादर बदलायला लागली. मी म्हटलं राहू द्या हो, त्यांचं काही नक्की नसतं. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला काय वरच्या पलंगावर चढवणार तुम्ही? त्या रात्री मी वर झोपले आणि खालचा पलंग, उशी, पांघरूण घेऊन रिकामा होता. सकाळी निघताना तिने चपात्यांच्या दोन पुरचुंड्या दिल्या. एक माझी, आणि एक अब्बांची. ते आले की त्यांना मोखाड्याला पाठवीन म्हणाली, आणि तेव्हा त्यांना कमी पडायला नको म्हणून ती पुरचुंडी मी आधीच जवळ ठेवायची. मी दोन्ही घेतल्या. मला तेव्हा गंमतच वाटली होती.

बाकीच्या मुलखात माझं खोटं जिथे बोलले तिथेच पडून राहायचं. इथे ते माझ्याआधी पुढच्या गावाला पोचायला लागलं. त्याला कारण आहे. गाड्या मोजक्या. एक चुकली की म्हातारा माणूस दिवसभर स्टँडवर बसणार. म्हणून निरोप देतात. कोणाच्या गोळ्यांचं पाकीट, कोणाची विसरलेली छत्री, कोणाचा मागे राहिलेला बाप, सगळं एका कंडक्टरकडून दुसऱ्याकडे, एसटीकडून जीपकडे जातं. चाचीने जव्हारच्या स्टँडवर सांगून ठेवलं होतं. मोखाड्याच्या गाडीत कंडक्टर बाई माझं अर्धं तिकीट फाडून देताना म्हणाल्या, काळजी करू नका, तुमच्या वडिलांना मागच्या गाडीत बसवायला सांगितलंय. मी मान हलवली. खिडकीबाहेर करपलेले माळ, राब भाजून काळी झालेली शेतं.

मोखाड्याला त्या दिवशी बाजार होता. मला पुढे जायचं होतं ती सूर्यमाळची गाडी भरून उभी होती. पिशव्या, सुकी मासळी, नवं घमेलं, पाय बांधलेली कोंबडी. गाडीची वेळ झाली, ड्रायव्हर चढला, आणि उतरला. मी विचारलं काय झालं, तर मागच्या बाकावरची बाई मलाच समजावून सांगायला लागली की जव्हारच्या गाडीतून एक म्हातारा यायचा आहे, पुढे दुसरी गाडी नाय, म्हणून थांबलेत. बाबा, बाजार करून दमलेली पन्नास माणसं तुमच्यासाठी उन्हात वीस मिनिटं बसली. कोणी कुरकुर केली नाही. जव्हारची गाडी आली तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या. दार उघडलं. एकेक माणूस उतरत होता आणि गाडीतले लोक माझ्याकडे बघत होते, हा का? हा का? मी नाही म्हणत होते, आणि मला कळलं की मी खरोखरच बघते आहे. शेवटी पायरीवर एक चप्पल दिसली, म्हाताऱ्या पायातली, अंगठ्याशी शिवलेली. तो कोणी दुसराच होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, चला, उद्या येतील ते. हे मी अशा आवाजात म्हटलं की मलाच ते खरं वाटलं.

पोशेऱ्यावरून गाडी वर चढते तशी झाडी वाढत जाते आणि माणसं उतरत जातात. सूर्यमाळला उतरले तेव्हा रस्त्यावर एक साठीची बाई उभी होती. तिच्या मुलाने घराला लागून ट्रेकवाल्यांसाठी एक खोली बांधली आहे, भिंतीवर रंगाने हॉस्टेल असं लिहिलं आहे. मुलगा ठाण्याला कामाला, खोली ती बघते. तिने माझ्या मागे पाहिलं, गाडी निघून गेली तिकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा कोठं हाय?" जीपवाल्याने सकाळीच सांगून ठेवलं होतं. तिच्या बोलण्यात अहोजाहो नव्हतं, तिथे कोणालाच नसतं. मी म्हटलं उद्या येतील. तिने मला खोली दाखवली, मग मागे नेऊन न्हाणी दाखवली. कारवीच्या कुडाचा आडोसा, खाली एक मोठा सपाट दगड, आणि दोन बादल्या भरून ठेवलेल्या. निळी माझी. पांढरी बाबाची.

पाण्याचं तिथे काय चालतं ते तुम्हाला सांगते. विहीर खाली उतरणीला आहे, जाऊन यायला पाऊण तास. तळाशी वाटीने भरावं इतकंच पाणी. एक हंडा भरायला वेळ लागतो आणि तोवर दुसऱ्या बाया बसून असतात. टँकर येतो म्हणतात, मी होते तोवर आला नाही. ती बाई तुमच्या बादलीसाठी दुपारच्या उन्हात वेगळी खेप करून आली होती. का, तर बाबा उन्हाचा येईल, म्हातारा माणूस, गार पाण्यानं न्हाईल. मला तिथेच त्या दगडावर बसावंसं वाटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पाणी आणण्याआधी खोटं उघडं पडलं असतं तर गोष्ट वेगळी. डोक्यावरून हंडा आणून ओतल्यावर त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं की माझे वडील सोळा वर्षांपूर्वीच गेले, तुझी खेप फुकट गेली? संध्याकाळी तिने नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं, तुमचं ताट वर दुसरं ताट झाकून बाजूला ठेवलं. सकाळी ती भाकरी कोंबड्यांना टाकली.

दुसऱ्या दिवशी मी निश्चय केला की आज सांगायचं. निळ्या बादलीतलं पाणी तीन दिवस पुरवायचं म्हणून मी चार तांब्यांत आंघोळ उरकली होती. पांढरीला हात लावला नाही. उन्हं व्हायच्या आत डोंगरावर जाऊन येते म्हणाले आणि रेंगाळले. रेंगाळले ते मुद्दामच, सांगायचं लांबणीवर पडावं म्हणून. परतले तेव्हा भर दुपार होती. अशा वेळी पाड्यावर एकदम सामसूम असते. माणसं कामाला गेलेली, वारा पडलेला, कोंबड्यासुद्धा सावलीला चोच उघडी टाकून बसलेल्या. मी हातपाय धुवायला मागे गेले. पांढरी बादली रिकामी होती. पालथी घालून ठेवली होती, तुम्ही ठेवायचात तशी, अर्थात सगळेच ठेवतात. दगड ओला होता. बाबा, त्या उन्हात दगडावर पाणी सांडलं तर पाच मिनिटं टिकत नाही, आणि तो पुरा ओला होता, कडेच्या खळग्यात साबणाचा फेस होता. मी तिथे वास घेतला हे कबूल करते. रॉकेलचा वास नव्हता. लाल साबणाचा होता, तो तर तिथे होताच.

ती बाई पुढच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी काही विचारायच्या आधीच ती मान वर न करता म्हणाली, "बाबा आलता तुझा. आंघोळ करून गेला."

मी खाली बसले. कसा होता, म्हणून विचारलं. बारीकसा, म्हणाली. पांढरा शर्ट. चपला रस्त्यावरच काढून हातात घेतल्या होत्या. आत कोण हाय का, असं तीनदा विचारलं, मग आला. मी विचारलं उजव्या हातावर डाग होता का. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी वेडगळ विचारलं आहे. म्हाताऱ्याचा हात कोण बघत बसतंय, म्हणाली. मग थांबला का नाही, एवढंच मी विचारलं असेन, मला नीट आठवत नाही, माझा आवाज मलाच लांबून येत होता. तिने खडा वेचून बाहेर टाकला.

"थांब बोलली मी त्याला. तर म्हनला, पोरीला सांगू नको मी आलतो. ती रागवंल."

मी उठून रस्त्यावर धावले. रस्ता दोन्ही बाजूंना पार वळणापर्यंत मोकळा होता, डांबरावर उन्हाच्या लाटा हलत होत्या. मला हाक मारायची होती, पण भर दुपारी परक्या गावात पन्नाशीला आलेल्या बाईने बाबा म्हणून हाक कशी मारावी, याची लाज वाटली. बघा, तिथेही लाजच आडवी आली. मी वळणापर्यंत चालत गेले आणि परत आले. कोणी नव्हतं.

तेव्हापासून मी याचा सगळ्या बाजूंनी विचार केला आहे, मी प्रयोगशाळेत काम करते. एखादा वाटसरू आला असेल आणि तिला वाटलं असेल हाच तो. तिने माझं खोटं पहिल्याच दिवशी ओळखलं असेल, पाणी वाया जाऊ नये म्हणून स्वतः आंघोळ केली असेल, आणि माझ्या खोट्याला जशास तसं खोटं दिलं असेल. तिचा तो हक्कच होता. कुठल्याही बापाच्या तोंडी शोभेल असं एक वाक्य तिने त्यात घातलं असेल. हे सगळं पटतं. पण ती म्हणाली ते वाक्य तुमचं होतं, आणि नाशिकच्या स्टँडवरची गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. माझ्याबरोबरच्या त्या दोघीही विसरल्या असतील.

आणि आणखी एक. त्या दिवशी गाडीत तुम्ही मागे बसला आहात हे मला इगतपुरीलाच कळलं होतं. ड्रायव्हरच्या वरच्या आरशात तुमचं वर्तमानपत्र दिसलं. रात्रभर मुलाखतीच्या धास्तीने डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण तुम्हाला पाहिलं आणि मी नाशिकपर्यंत गाढ झोपले. त्या दोघी समोर आल्या म्हणून रागावले. नाहीतर मी तुम्हाला चहा पाजला असता. मला तुमचा राग आला नव्हता, बाबा. हे तुम्हाला घरी येऊन त्याच संध्याकाळी सांगता आलं असतं, पण तुम्ही विषय काढला नाहीत आणि मीही काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बाईला म्हटलं, आज पाणी मी आणते. ती नको म्हणाली नाही. विहिरीवर बाया मला हसल्या, कारण मला चुंबळसुद्धा धड करता येत नव्हती. वाटीने हंडा भरून, डोक्यावर घेऊन, निम्मं अंगावर सांडत मी वर आले. एका खेपेत पांढरी बादली अर्धीच झाली, म्हणून पुन्हा गेले. मान आखडली, पायाला ठेच लागली. बादली काठोकाठ भरली, वर ताट झाकलं, साबण जवळ ठेवला. ती बाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, थांबत नायस? बाबा येल ना. मी म्हटलं, येतील, पण मी असले की त्यांना संकोच वाटेल. आंघोळ होईपर्यंत तुम्ही आत असू नका, आणि मग त्यांना चहा द्या. ती बरं म्हणाली. वडील वारलेत हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. गाडी आली तेव्हा ऊन तापलं होतं. मी खिडकीशी बसले, पण न्हाणीच्या बाजूला बसले नाही.

घरी येऊन आता पंधरा दिवस झाले. हे लिहून काढते आहे, पण तुमच्या नावाने टपालात टाकायला मी अजून तेवढी वेडी झालेले नाही. त्या बाईचा नंबर माझ्याकडे आहे. टेकाडावर असली की तिला रेंज येते, फोन लागतो. एका वाक्यात विचारता येईल की मी गेल्यावर बादली रिकामी झाली की तशीच राहिली. रोज संध्याकाळी मी फोन हातात घेते आणि ठेवून देते. तशीच राहिली, असं ती म्हणाली तर ते ऐकायची माझी तयारी नाही, बाबा.